सी म्हणजे कॉपी

सोमवारी सकाळी मी ऑटोकॅडमध्ये, म्हणजे आमच्या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, तळमजल्याच्या प्लॅनमधला एक कॉलम निवडला, सी दाबून एंटर मारला, कॉलमच्या कोपऱ्यावर क्लिक केलं आणि साडेतीन मीटरवरच्या पुढच्या सेंटरलाइनवर दुसरं क्लिक केलं. तिथे कॉलम यायला हवा होता. आलं वर्तुळ. साडेतीन मीटर त्रिज्येचं, बेडरूम, पॅसेज आणि अर्धं टॉयलेट पोटात घेतलेलं. ते पुसलं, कॉलम पुन्हा निवडला, पुन्हा सी. पुन्हा वर्तुळ. चहा येईपर्यंत मी अशी सहा-सात वर्तुळं काढली असतील. कळत नव्हतं असं नाही. पहिल्या वर्तुळालाच कळलं होतं. पण कळलं होतं मला, बोटांना नाही.

आमच्या ऑफिसात सी म्हणजे कॉपी. ऑटोकॅड जसं विकत मिळतं त्यात सी म्हणजे सर्कल, आणि कॉपीला सी-ओ अशी दोन अक्षरं. पण घरं काढणाऱ्या माणसाला वर्तुळं लागतात किती? एखादा गोल जिना, पाण्याची टाकी, बागेतली झाडं. कॉपी मात्र दिवसभर. तेव्हा कधीतरी आमच्याकडे या दोघांची अदलाबदल झाली, सर्कलला सी-सी दिलं गेलं, आणि पुढे आम्ही ते विसरूनही गेलो. इतकं, की नव्यानं आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी "इथं सी म्हणजे कॉपी" एवढं सांगायचं, जसं भाडेकरूला सांगतात की बाथरूमची कडी जरा वर उचलून लावायची.

मागच्या दिवाळीपर्यंत आम्ही २०१४ ची आवृत्ती वापरत होतो. एकदा पैसे भरून कायमची घेतलेली. (तशी कायमची लायसन्स नव्यानं मिळणं २०१६ मध्ये बंद झालं, आता भाडं भरायचं.) ती सोडायची मला अजिबात घाई नव्हती. पण आरसीसी कन्सल्टंटकडून, म्हणजे कॉलम-बीमचा हिशेब करणाऱ्या इंजिनिअरकडून, येणारी ड्रॉइंग्ज २०१८ च्या फॉरमॅटमध्ये यायला लागली आणि आमच्याकडे उघडेनात. दर वेळी फोन करायचा, "जरा खालच्या व्हर्जनला सेव्ह करून पाठवता का?" सुरुवातीला ते हसून पाठवायचे, मग नुसतेच पाठवायचे, मग दोन दिवसांनी पाठवायला लागले. इशारा समजला. नवं मशीन घेतलं, नवी आवृत्ती घेतली.

पुढची चूक सगळी माझी. डी ड्राइव्हवरची ड्रॉइंग्ज मी दोन-दोनदा कॉपी केली, एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एकदा नव्या मशीनवर. जुना पीसी भाच्याला दिला आणि वर सांगितलं, "फॉरमॅट करून टाक रे, त्यात आता काही नाही." त्यात बरंच काही होतं. टूलबार, मेनू, शॉर्टकट यातलं काहीही ड्रॉइंगमध्ये नसतं. ते असतं सी ड्राइव्हवर, वापरणाऱ्याच्या नावाच्या फोल्डरात, आत, आणखी आत, विंडोजनं लपवून ठेवलेल्या एका फोल्डरात. ते बाहेर काढून ठेवायची सोय होती, दोन-चार क्लिकचं काम. जुन्या आवृत्तीतली सेटिंग्ज नव्या आवृत्तीत उचलून आणणारं टूलसुद्धा होतं. पण ते जुनी आवृत्ती त्याच मशीनवर शोधतं, आणि आमचं जुनं मशीन तोवर भाच्याच्या खोलीत क्रिकेट खेळत होतं.

घर बदलताना कपाटं नेली, फ्रीज नेला, माळ्यावरची पितळी भांडीसुद्धा मोजून नेली, आणि मिसळणाचा डबा जुन्या ओट्यावरच राहिला, तसं झालं. नवा डबा कुठेही मिळतो. हळद, मोहरी, हिंग भरता येतं. पण फोडणीचं तेल तापलेलं असताना न बघता हात कुठे जाणार?

नव्या स्क्रीनवर वरती रिबन होती. हा प्रकार मायक्रोसॉफ्ट ऑफिसात २००७ च्या आवृत्तीत आला आणि ऑटोकॅडमध्ये २००९ च्या. खाली उघडणारे मेनू आणि बारक्या बटणांच्या पट्ट्या यांच्या जागी ठसठशीत चित्रांचा एक रुंद पट्टा. तेव्हा आम्ही त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, कारण यादीतून 'क्लासिक' नावाचं वर्कस्पेस, म्हणजे स्क्रीनची मांडणी, निवडलं की सगळं पूर्ववत दिसायचं. २०१५ च्या आवृत्तीत ते क्लासिक यादीतून गेलं. आम्ही २०१४ वर थांबलेलो, म्हणजे वाड्यातलं शेवटचं बिऱ्हाड.

रिबन वाईट आहे असं मी म्हणणार नाही. नव्यानं शिकणाऱ्याला ती सोपीच जाते. चित्र मोठं, खाली नाव. माझं भांडण एवढ्याचसाठी आहे की ती हलते. हॅच करायला, म्हणजे एखादा भाग रेघांनी किंवा रंगानं भरायला, घेतलं की हॅचचा पट्टा पुढे येतो, मजकूर लिहायला घेतला की मजकुराचा. मगाशी जिथे बटण होतं तिथे आता दुसरंच काही. मला बटणं दिसत नाहीत, मला त्यांच्या जागा माहीत असतात. इतकी वर्षं मी ऑफसेटच्या, म्हणजे ठरावीक अंतरावर समांतर रेघ काढायच्या, बटणाकडे पाहिलेलंच नाही. ते कसं दिसतं विचाराल तर काढून दाखवता येणार नाही, पण डोळे मिटून बाण तिथे नेता येईल. येत असे.

या जागा बसवल्या मामांनी.

मामा म्हणजे आमचे ड्राफ्ट्समन. माझे नव्हेत, ऑफिसचे मामा. क्लायंट, गवंडी, नगररचना विभागातले कारकून, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. ड्रॉइंग बोर्डाच्या काळातले. मी कोल्हापुरात राजारामपुरीत ऑफिस उघडलं तेव्हा ते आधीच्या ऑफिसातून बाडबिस्तरा घेऊन आले, आणि बाडबिस्तरा म्हणजे खरोखर एक लाकडी पेटी होती. रोट्रिंगची पेनं जाडीप्रमाणे उतरत्या क्रमानं. ट्रेसिंगवरची शाई खरवडायला अर्धं मोडलेलं ब्लेड, त्याच्या एका बाजूला चिकटपट्टी. पावडरीचा डबा, कारण हाताच्या घामानं ट्रेसिंग पेपरवर शाई धरत नाही. सेट-स्क्वेअर टेबलाच्या डाव्या कडेला, स्केल उजव्या. ते ब्लेड कुणी वापरून दोन इंच पलीकडे ठेवलं तरी मामा काही बोलायचे नाहीत. फक्त ब्लेड उचलून जागेवर ठेवायचे आणि त्या माणसाकडे एकदा बघायचे.

संगणकावर ते पन्नाशीला टेकल्यावर आले. रिलीज चौदा म्हणायचे त्या आवृत्तीवर शिकले, १९९७ सालची ती. आणि शिकून झाल्याबरोबर त्यांनी जे पहिलं काम केलं ते म्हणजे स्क्रीनवर टेबल लावणं. रेघा काढायच्या बटणांची पट्टी डावीकडे, मोजमापांची उजवीकडे, कारण स्केल उजवीकडे असतं. मला हे फार उशिरा लक्षात आलं. मी समजत होते सॉफ्टवेअर तसंच येतं.

तर त्या सोमवारी संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर मी टेबल लावायला बसले. मेनूबार असं टाइप करून पुढे एक दिलं, आणि वरती फाईल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट अशी जुनी ओळ उतरली. मला एवढं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं. मग टूल्समध्ये जाऊन एकेक टूलबार बाहेर काढला. ते अजून आहेत, फक्त माळ्यावर टाकलेत. ड्रॉ डावीकडे, डायमेन्शन उजवीकडे, लेयर (ड्रॉइंगचे एकावर एक ठेवलेले थर) वर. रिबन बंद केली. पार्श्वभूमी राखाडी होती ती पूर्ण काळी केली. टूलबारना कुलूप लावायची सोय आहे, ते लावलं, कारण माऊसचा धक्का लागून पट्टी मधेच तरंगत येण्यासारखं चिडवणारं दुसरं काही नाही. आणि हे सगळं वर्कस्पेस म्हणून सेव्ह केलं. नाव विचारलं, 'मामा' दिलं.

सीचा निकाल सर्वांत सोपा. कमांडची लघुरूपं एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये असतात, नोटपॅडमध्ये उघडणाऱ्या. डावीकडे लघुरूप, स्वल्पविराम, मग तारा आणि कमांडचं पूर्ण नाव. सर्कलच्या ओळीत आणखी एक सी घातला, कॉपीच्या ओळीतला ओ काढला, सेव्ह. दोन अक्षरांचं काम. वर्तुळं थांबली.

ट्रिमनं मात्र रडवलं. इतकी वर्षं ट्रिमची लय अशी होती: टी-आर, एंटर, पुन्हा एंटर, मग छाटायच्या रेघा टिपत जायचं. पहिल्या एंटरनं कमांड सुरू होते. मग ती विचारते की कुठल्या रेघांच्या कडेनं कापू. त्यावर नुसता एंटर म्हणजे सगळ्याच. २०२१ च्या आवृत्तीपासून ती हे विचारतच नाही, सगळ्या रेघा कडा म्हणून आपणच धरून चालते. चांगली सुधारणा आहे. पण माझा दुसरा एंटर आता निरुत्तर पडतो, आणि कमांड तिथेच संपते. मी छाटायला म्हणून क्लिक करते तर रेघ छाटायच्या ऐवजी निवडली जाते. टी-आर, एंटर, एंटर, क्लिक, काही नाही. जिन्यात एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा दचका दर वेळी. जुनी पद्धत परत आणायला एका सिस्टिम व्हेरिएबलला, म्हणजे आतल्या एका सेटिंगला, शून्य द्यावं लागतं. दिलं.

उरली मामांची स्वतःची पट्टी. अठरा बटणं होती तिच्यात, ऑफिसपुरती बनवलेली. ती तर भाच्यानं पुसली होती. पण मामा निवृत्त होऊन गारगोटीकडे गेले तेव्हा त्यांनी मला एक पेनड्राइव्ह दिला होता. "असू द्या मॅडम, कवा लागला तर." तो ड्रॉवरमध्ये शाईच्या वाळलेल्या पेनांखाली सापडला. आत एकच फाईल, २००८ सालची, जुन्या धाटणीची. मेनूच्या फाईलचा प्रकार २०१० च्या आवृत्तीत बदलला. पण नवीन सॉफ्टवेअर जुनी फाईल वाचतं, नव्या धाटणीत सेव्ह करून देतं. केली, चढवली, आणि पट्टी आली.

अठरा ढग. चित्र सापडलं नाही की ऑटोकॅड बटणावर ढग दाखवतं, त्यात प्रश्नचिन्ह. बटणांची चित्रं वेगळ्या फोल्डरात होती, ती मामांनी पेनड्राइव्हवर घेतली नव्हती, आणि मीही भाच्याकडे जाऊ दिली होती. म्हणजे अठराच्या अठरा बटणांवर एकच चित्र. वळवाचा पाऊस यायच्या आधी पन्हाळ्यावर दिसतं तसं.

आता एकच उपाय, प्रत्येक बटण उघडून त्याच्या पोटातला मॅक्रो वाचायचा. मॅक्रो म्हणजे बटण दाबल्यावर सॉफ्टवेअरला सांगायच्या गोष्टींची एका ओळीतली चिठ्ठी. तिचं व्याकरण पाच मिनिटांत समजतं. सुरुवातीला डोक्यावर टोपी घातलेला सी, दोनदा: आधी जे काय चाललंय ते सोड. (ही टोपी सगळ्या मॅक्रोंच्या तोंडाशी असते. 'श्री'सारखी.) सेमीकोलन म्हणजे एंटर. कमांडच्या आधी खालची रेघ असली तर सॉफ्टवेअर जर्मन असो की जपानी, कमांड इंग्रजी समजायची. आणि उलटी तिरकी रेघ म्हणजे थांब, आता माणूस सांगेल.

मामांच्या मॅक्रोंत तिरक्या रेघा फार थोड्या. माणसाला विचारायचं ते शेवटी, अगदीच नाइलाज झाला तर. बाकी सगळं त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं. एका बटणाचं नाव 'नऊ', आत ऑफसेट, २३०. एकाचं 'साडेचार', आत ऑफसेट, ११५. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, पण भिंत नऊ इंची आणि साडेचार इंची, कारण गवंडी तसंच म्हणतो आणि वीट तशीच येते. 'दार' दाबलं की ९०० चं दार हातात, 'संडास' दाबलं की ७५० चं. 'सज्जा' दाबलं की तुटक रेघ, कारण सज्जा डोक्यावर असतो आणि प्लॅनमध्ये डोक्यावरचं तुटक दाखवतात. 'पाडणे' या नावाच्या बटणात पिवळं हॅच होतं. सबमिशन ड्रॉइंगमध्ये, म्हणजे मंजुरीसाठी द्यायच्या नकाशात, पाडायचं बांधकाम पिवळ्या हॅचनं, नवीन लाल, ड्रेनेज लाल तुटक. हे रंग ट्रेसिंगच्या अमोनिया प्रिंटवर हातानं भरत असत तेव्हापासूनचे, आणि मामांनी ते रंगीत पेन्सिलीतून उचलून बटणात ठेवले होते.

मी एकेक बटण वाचत गेले आणि ठेवू की काढू ठरवत गेले. 'नऊ' ठेवलं. 'साडेचार'च्या शेजारी 'सहा' घातलं, कारण आता आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या काँक्रीटच्या एएसी ब्लॉकच्या असतात, १५० च्या. आणि मग आलं 'बाल्कनी'. या बटणात लेयर बदलून पॉलिलाइन, म्हणजे सलग जोडलेली रेघ, सुरू व्हायची, बाल्कनीभोवती फिरवायची, क्षेत्रफळ वेगळं काढायचं. वेगळं, कारण जुन्या नियमांत बाल्कनी ठरावीक टक्क्यांपर्यंत एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायची परवानगी असते त्याच्या, बाहेर असायची. किती प्लॅन या एका बटणावर उभे राहिले असतील. आधी बाल्कनी सोडवून घ्यायची, एफएसआय बसवायचा, मग पुढे ती बाल्कनी आत घेऊन हॉल मोठा करायचा ही घरमालकाची मनोमन योजना, आणि आपल्याला ती ठाऊक नसल्याचा आपला चेहरा. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला बांधकामाची एकत्रित नियमावली लागू झाली आणि तिच्यात पी-लाइन आली: मजल्याच्या बांधकामाची बाहेरची कड धरायची, बाल्कनीसकट, आणि तिच्या आतलं जवळजवळ सगळं मोजायचं. बटण तेव्हाच मेलं होतं. आम्ही ते तीन-चार वर्षं टूलबारमध्ये बाळगत होतो, दाबत नव्हतो, काढतही नव्हतो.

काढलं. त्याच्या जागी पी-लाइनचं केलं. इथे एक गंमत आहे जी आमच्या धंद्याबाहेर कुणाला सांगता येत नाही: पॉलिलाइनचं लघुरूप पी-एल. त्यामुळे पी-लाइन काढायची म्हटलं की बोटं आपोआप पी-एल टाइप करतात, आणि पॉलिलाइन सुरू होते, आणि पी-लाइन काढायला नेमकी तीच लागते. नियमावली लिहिणाऱ्यांनी एवढं आमच्यासाठी केलं, मुद्दाम नसेल केलं, पण केलं.

शेवटचा ढग लांबलचक मॅक्रोचा होता. रात्रीचे नऊ वाजले होते, बाहेर खाऊगल्लीवरून वास यायला लागला होता, आणि मी तो वाचायच्या ऐवजी दाबला. समोर एका नव्या बंगल्याचं सबमिशन उघडं होतं. कमांड लाइनमधून काहीतरी भराभर सरकत गेलं, ड्रॉइंग पूर्ण स्क्रीनवर मावलं, आणि सगळं शांत. काही बिघडलेलं दिसलं नाही. बंद करून घरी गेले.

सकाळी आमची ज्युनिअर म्हणाली, "मॅडम, लेयर कुठे गेले?"

मंजुरीच्या ऑनलाइन छाननीसाठी ड्रॉइंगमध्ये ठरावीक नावांचे लेयर लागतात. त्यांत काय आहे ते बघून तिकडचं सॉफ्टवेअर क्षेत्रफळं मोजतं. ते सगळे आम्ही आधीच टेम्प्लेटमध्ये आणून ठेवतो आणि मग एकेक भरत जातो. त्या ड्रॉइंगमध्ये भरायचे राहिलेले चाळीसेक रिकामे लेयर होते, ते सगळे गेले होते. मग मी मॅक्रो वाचला. पर्ज, सगळं, न विचारता. मग ऑडिट, चुका आपणच दुरुस्त कर. मग झूम, पूर्ण ड्रॉइंग. मग सेव्ह. जे वापरात नाही ते सगळं झाडून टाकायचं आणि वर सेव्हही करायचं. रिकामा लेयर म्हणजे वापरात नसलेलाच. सेव्ह करून फाईल बंद केल्यामुळे अन्डूही गेलं. लेयर टेम्प्लेटमधून पुन्हा आणायला फार वेळ लागला नाही, पण ज्युनिअरच्या समोर जरा कानकोंडं व्हायला झालं.

मामांना फोन केला.

"जेवलासा काय मॅडम?" सकाळचे साडेअकरा होते.

म्हटलं, "मामा, आपल्या पट्टीत शेवटचं बटण होतं, सगळं पर्ज करणारं. ते कशाला होतं?"

"शेवटचं? अवो ते चहाचं."

मग मला ते चित्र आठवलं. कपबशी! पट्टीच्या टोकाला एक कपबशी होती. ते मामांचं स्वतःचं काहीतरी असेल असं समजून मी कधी तिला हात लावला नव्हता.

"त्या टायमाला मशीन लै हळू चालायचं न्हवं," मामा म्हणाले. "दिवसभर काम केल्यावर फाईल जड व्हायची. चार वाजलं की ते दाबायचं आन् भाईर यायचं. धा मिंटं ते हलायचंच न्हाई. तवर चहा हुतोय. माघारी आलं की सगळा केर काढून, सेव करून बसल्यालं. तुमी कशाला दाबलासा?"

मी लेयरचं सांगितलं. रिकामे लेयर आधीपासून ठेवायचे हे त्यांना पटलं नाही. "मोकळी डबडी कशाला ठेवायची घरात?" मी म्हटलं, तपासणारं सॉफ्टवेअर डबडी मोजतं मामा. त्यावर ते जरा थांबले. "मग सगळं न्हाई म्हणायचं. बी म्हणायचं."

पर्जला सगळं सांगायचं तर ए, नुसते ब्लॉक, म्हणजे दार, बेसिन अशी पुन्हा पुन्हा वापरायची तयार चित्रं, झाडायचे तर बी. मॅक्रोमध्ये एका अक्षराचा फरक. कमांड सोडून मामांना आठ-नऊ वर्षं झाली असतील, आणि ते गारगोटीत अंगणात बसून मला अक्षर सांगत होते. शेंगा वाळत घातल्या होत्या म्हणे, फोनमध्ये कोंबड्यांना हाकलल्याचा आवाज येत होता.

या सगळ्या उलाढालीकडे आमची ज्युनिअर जरा सहानुभूतीनं बघत असते. ती इचलकरंजीची, तीन वर्षांपूर्वी कॉलेजातून बाहेर पडलेली. तिच्या स्क्रीनवर काहीच नाही. रिबन नाही, टूलबार नाही, कंट्रोल आणि शून्य दाबून तिनं सगळंच घालवलेलं असतं; नुसतं काळं ड्रॉइंग आणि खाली कमांड लाइनची एक ओळ. डावा हात कीबोर्डवर, उजवा माऊसवर, दोन्ही सारखे चालतात. बटण दाबायला बाणानं एवढा प्रवास का करायचा हा तिचा प्रश्न आहे, आणि त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. माझ्या मशीनवर बसली की ती सी दाबते, आणि तिच्या वर्तुळाच्या जागी कॉपी सुरू होते. तिची चिडचिड मी समजू शकते. मीही त्या सोमवारी तिथेच होते, फक्त उलट्या बाजूनं.

ट्रिमचं तिनंच मला बदलायला लावलं. तिच्या स्क्रीनवर ती ट्रिम करताना पाहिली: टी-आर, एंटर, आणि बटण दाबून धरून रेघांवरून बाण ओढत नेला, दहा-बारा रेघा विळ्यानं गवत कापावं तशा खाली. मी एकेक टिपत बसते. दोन दिवस मनाशी धुसफुसले, तिसऱ्या दिवशी शून्याचं पुन्हा एक केलं. दुसरा एंटर अजून सुटलेला नाही. दिवसातून पाच-सहा वेळा तरी कमांड हातातून निसटते, पण कमी होतंय.

सी मात्र सीच राहणार. म्हणजे कॉपीच.

परवा दुपारी जरा सवड होती तेव्हा चहाच्या बटणाचं ए खोडून बी केलं आणि त्याच्या चित्राकडे वळले. बाकीच्या ढगांवर मी सरळ अक्षरं टाकली आहेत, ९, ६, ४॥, पी. पण याला कपबशीच हवी होती. बटणाचं चित्र काढायला एक छोटं खिडकीवजा पान उघडतं, सोळा आडवे, सोळा उभे चौकोन, म्हणजे दोनशे छप्पन्न, आणि एकेक चौकोन रंगवायचा. मामांनी यात कप, कान, बशी आणि वर वाफेच्या दोन रेघा कशा बसवल्या होत्या देव जाणे. माझा कप आधी बादली झाला. कान काढला तर बशीला जागा उरेना. बशी घेतली तर वाफ मावेना. अर्धा तास मोडून शेवटी वाफ सोडली, कप थोडा लंबगोल केला, मागे बशीचा जाड पट्टा दिला, आणि सेव्ह करून पट्टीत बसवला. दाबून पाहिलं. मी खुर्ची मागे सरकवेपर्यंत ऑडिट होऊन सेव्हसुद्धा झालं होतं.

तेवढ्यात ज्युनिअर प्रिंट घ्यायला आली. वाकून स्क्रीनकडे बघितलं, आणखी वाकली.

"मॅडम, हे शेवटचं काय, कमोडचा ब्लॉक?"